नकाशा आधी, रोबो नंतर : जन्मतः वेगळ्या घडणीच्या किडनीतला अडथळा आणि त्याची शस्त्रक्रिया

पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये ‘किडनीला सूज’ असं आलं, की कोकणात पहिला सल्ला ठरलेला असतो : पाणी भरपूर प्या, कुळथाचं कढण सुरू करा. खडा लहान असेल तर भरपूर पाण्याचा उपयोग होतो. पण किडनीतून खाली येणारी वाटच जन्मापासून अरुंद असेल तर पाणी वाढवलं की दुखणं वाढतं. लागोपाठ दोन शहाळी प्यायल्यावर, लग्नात सोलकढी-सरबताचे चार-पाच ग्लास झाल्यावर किंवा बिअर घेतल्यावर तासाभरात कळ उठते, उलटी होते आणि काही तासांनी सगळं आपोआप शांत होतं. असं वारंवार होत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. कळ नसतानाच्या सोनोग्राफीत सूज बरीच कमी दिसू शकते, म्हणून शक्य असेल तर एक सोनोग्राफी दुखत असतानाच करून घ्यावी.

किडनीत तयार झालेली लघवी नरसाळ्यासारख्या एका भागात जमते. डॉक्टर त्याला पेल्व्हिस म्हणतात. नरसाळ्याच्या टोकाला मूत्रवाहिनी, म्हणजे युरेटर, जोडलेली असते. या जोडाला पीयूजे म्हणतात आणि जन्मजात अडथळा बहुतेक वेळा इथेच असतो. रिपोर्ट वाचताना एक घोळ हमखास होतो. ‘डायलेटेड पेल्व्हिस’ म्हणजे फुगलेलं नरसाळं, आणि ‘पेल्व्हिक किडनी’ म्हणजे ओटीपोटात राहिलेली किडनी. शब्द सारखे वाटले तरी गोष्टी निराळ्या आहेत.

साध्या जागी, साध्या घडणीच्या किडनीत पीयूजेचा अडथळा काढणं हे युरॉलॉजीतलं रुळलेलं काम आहे. वेगळ्या घडणीच्या किडनीत टाके तेच असतात, पण रक्तवाहिन्या कुठून येतील याचा भरवसा नसतो. बोटीचं इंजिन कितीही ताकदीचं असो, खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा यंदा कुठे सरकलाय हे तांडेलाला ठाऊक असावंच लागतं. आता हे ऑपरेशन रोबोच्या मदतीनेही होतं, आणि त्यात रोबो हे इंजिन आहे. म्हणून वेळ, पैसा आणि प्रश्न आधी तपासण्यांवर खर्च करा, यंत्र कुठल्या कंपनीचं ही चौकशी नंतरची.

किडनी कुठे आहे आणि कशी आहे

गर्भात किडनी ओटीपोटात तयार होते आणि वर सरकत बरगड्यांखाली येते. सरकताना ती वळते, म्हणजे सुरुवातीला पुढे असलेलं नरसाळं आतल्या बाजूला येतं. या प्रवासात खोट आली की पुढचे प्रकार होतात.

सगळ्यात जास्त आढळते ती नालाकृती किडनी, म्हणजे हॉर्सशू. साधारण ४०० ते ६०० माणसांमागे एकाला ती असते. दोन्ही किडन्यांची खालची टोकं मधल्या पट्ट्याने जोडलेली असतात. हा पट्टा वर चढताना मोठ्या आतड्याकडे जाणाऱ्या एका धमनीखाली अडकतो, त्यामुळे अशी किडनी नेहमीपेक्षा खाली राहते आणि पुरेशी वळतही नाही. नरसाळं पुढे तोंड करून राहतं, मूत्रवाहिनी त्याच्या बऱ्याच वरून निघते आणि पट्ट्यावरून वाकून खाली जाते. लघवी साचायला एवढं पुरतं. तिथे खडेही लवकर धरतात. दुखणं कंबरेत न होता बेंबीजवळ होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं गॅसेसच्या गोळ्या घेत राहिलेली माणसं यात सापडतात.

ओटीपोटातली किडनी साधारण २००० ते ३००० माणसांमागे एकाला. हिचं दुखणं अपेंडिक्ससारखं किंवा अंडाशयाच्या गाठीसारखं वाटतं, आणि तपासताना हाताला गोळा लागतो. बाईला अशी किडनी असेल तर ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला, विशेषतः सिझेरियन किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनआधी, कागद दाखवून सांगितलीच पाहिजे. गाठ समजून किडनीला हात लागणं हा टाळता येण्यासारखा अनर्थ आहे.

तिसरा प्रकार दुर्मीळ, पण गोंधळाचा. यात एका बाजूची किडनी दुसऱ्या बाजूला जाऊन तिथल्या किडनीला चिकटते. तिची मूत्रवाहिनी मात्र मध्यरेषा ओलांडून मूत्राशयात आपल्या मूळ बाजूलाच उघडते. किडनी उजवीकडे आणि तिचं खालचं तोंड डावीकडे! संमतीपत्रावर दोन्ही बाजू स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात, नाहीतर स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवायला मूत्रवाहिनीत घालतात ती बारीक नळी, भलत्याच मूत्रवाहिनीत जाऊ शकतो.

चौथी, दुहेरी नरसाळ्याची किडनी. तिच्यात पीयूजेचा अडथळा बहुधा खालच्या भागात असतो.

किडनीबरोबर इतर अवयवांतही वेगळेपण असू शकतं. नालाकृती किडनी असलेल्या मुलीची उंची कमी असेल, पाळी आली नसेल तर टर्नर सिंड्रोमसाठी गुणसूत्रांची तपासणी करतात. ओटीपोटात किडनी असलेल्या मुलीला वेळेत पाळी आली नाही तर गर्भाशयाची सोनोग्राफी करावी.

तपासण्या कोणत्या क्रमाने

सोनोग्राफी, लघवीची तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणं), किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन एवढं तालुक्याच्या गावी होतं. पुढच्या दोन तपासण्यांसाठी बहुतेकांना घाट उतरून-चढून कोल्हापूरला, किंवा मुंबई, गोवा, बेळगावला जावं लागतं. एकाच फेरीत दोन्ही उरकायच्या असतील तर दिवस ठरवताना केंद्राला तसं आधी सांगा. पावसाळ्यात आंबा किंवा करूळ घाटात दरड आली की अपॉइंटमेंट बुडते, म्हणून अशा दिवसांत रेल्वेने जाता येईल तेच शहर निवडलेलं बरं.

पहिली तपासणी रीनल स्कॅन. डीटीपीए किंवा ईसी ही त्यात वापरायच्या औषधांची नावं. शिरेतून किरणोत्सारी औषधाचा लहानसा डोस देतात आणि प्रत्येक किडनी किती काम करते, भरलेलं नरसाळं किती वेळात रिकामं होतं ते मोजतात. मध्येच लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देतात. निम्मं औषध १० मिनिटांच्या आत निघून गेलं तर वाट मोकळी. २० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर अडथळा. मधला टप्पा संशयाचा. दोन्ही किडन्यांच्या एकूण कामात त्या किडनीचा वाटा ४० टक्क्यांखाली असेल तर तिचं काम घटलंय असं धरतात.

वेगळ्या जागेच्या किडनीत हाच स्कॅन सहज फसवतो. नेहमी रुग्ण उताणा झोपतो आणि कॅमेरा पाठीखालून चित्र घेतो. नालाकृती आणि ओटीपोटातली किडनी पुढच्या बाजूला असते, मध्ये कण्याची किंवा कमरेची हाडं येतात, आणि मग चांगल्या किडनीचं कामही खोटं कमी दिसतं. म्हणून चित्र पुढूनही घ्यायला हवं. ओटीपोटातल्या किडनीवर भरलेल्या मूत्राशयाची सावली पडते, म्हणून स्कॅनच्या वेळी लघवीची नळी घालून मूत्राशय रिकामं ठेवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त ‘डीटीपीए’ असेल आणि किडनीची जागा लिहिलेली नसेल तर लिहून घ्या. स्कॅनआधी अर्धा तास पाणी प्यायला सांगतात ते टाळू नका. शरीर कोरडं असेल तर मोकळी वाटसुद्धा अडलेली दिसते.

दुसरी तपासणी सिटी युरोग्राफी, म्हणजे रंगद्रव्य देऊन किडनी आणि मूत्रवाहिनीचा सिटी स्कॅन, आणि तीही धमन्यांच्या टप्प्यासकट. साध्या सिटीत सूज आणि खडा दिसतो. शल्यविशारदाला हव्या असतात त्या महाधमनीतून, तिच्या खालच्या फाट्यांतून, कधी पायाकडे जाणाऱ्या धमनीतून निघणाऱ्या आडवाटेच्या रक्तवाहिन्या. त्यासाठी रंगद्रव्य दिल्यावर लगेच, धमन्या भरलेल्या असताना एक फेरी घ्यावी लागते. ही फेरी राहून गेली तर सगळी तपासणी पुन्हा, म्हणजे पुन्हा किरण आणि पुन्हा खर्च. रिपोर्टच्या कागदापेक्षा सीडी महत्त्वाची, कारण ऑपरेशन करणारा स्वतः चित्रं पाहतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल तर एमआर युरोग्राफीचा, म्हणजे हेच एमआरआयवर पाहण्याचा, पर्याय असतो. ओटीपोटातल्या किडनीत लघवी खालून वर उलटी चढण्याचा दोषही असू शकतो. मुलाला वारंवार ताप किंवा जंतुसंसर्ग होत असेल तर एमसीयू नावाचा एक्सरे करून तो दोष आधी पाहतात.

प्रत्येक सुजेला ऑपरेशन नसतं

नालाकृती किडनीचं नरसाळं मुळातच मोठं आणि किडनीबाहेर लोंबणारं असू शकतं. दिसायला सूज, पण आत अडथळा नाही. दुखत नाही, खडा नाही, जंतुसंसर्ग नाही, किडनीचा वाटा चांगला आहे आणि निचरा संशयाच्या टप्प्यात आहे, अशा रुग्णाला तीन ते सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे पुन्हा स्कॅन एवढंच पुरतं. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत दिसलेली सूज बऱ्याच बाळांत जन्मानंतर कमी होते. बाळाची पहिली सोनोग्राफी जन्मल्यावर ४८ तासांनंतरच करावी. त्याआधी बाळाला लघवीच कमी होते, सूज दिसत नाही आणि आईवडील खोट्या समाधानात घरी जातात.

ऑपरेशन लागतं ते वारंवार कळ, कामाचा वाटा घटत जाणं, खडे, पुन्हापुन्हा संसर्ग किंवा सूज वाढत जाणं, यांपैकी काही असेल तर. किडनीचं काम फार घटलं असेल, साधारण १०-१५ टक्क्यांच्या खाली, तर आधी नळी घालून चार ते सहा आठवडे निचरा करतात आणि पुन्हा मोजतात. काम सुधारलं तर दुरुस्ती करतात, नाही सुधारलं तर किडनी काढायचा विचार होतो.

एक परिस्थिती थांबत नाही. अडलेली किडनी आणि थंडी वाजून ताप. आत पू होतो आणि काही तासांत रक्तात विष पसरू शकतं. तेव्हा ‘मुंबईला नेऊ’ म्हणून रात्रीच्या गाडीची वाट पाहू नये. जवळच्या युरॉलॉजिस्टकडून आधी निचरा करून घ्यावा, मोठं ऑपरेशन काही आठवड्यांनी. निचऱ्याचे मार्ग दोन : पाठीतून किडनीत नळी किंवा खालून डीजे स्टेंट, म्हणजे दोन्ही टोकांना वेटोळं असलेला स्टेंट. ओटीपोटातल्या किडनीला मागून हाड आणि पुढून आतडी असल्यामुळे पहिला मार्ग अवघड असतो, तिथे बहुधा स्टेंटच. पावसाळ्यात मात्र प्रत्येक ताप किडनीच्या खाती घालू नये. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला लेप्टो झालेला असू शकतो, आणि त्याचा घावही किडनीवरच बसतो. दोन्ही तपासा.

यंत्र, माणूस आणि पैसे

रोबो स्वतःहून काही करत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलला बसून हात हलवतो, ती हालचाल रुग्णाच्या पोटात गेलेल्या बारीक अवजारांपर्यंत पोचते. चित्र त्रिमितीय आणि सुमारे दहा पट मोठं, अवजाराला मनगटासारखं वळण, हाताची थरथर गाळलेली. अरुंद जागेत पाच-सहा मिलीमीटरच्या नळीला बारीक टाके घालायला हे फार उपयोगी पडतं, आणि वेगळ्या घडणीच्या किडनीत जागा अडनिडी असल्यामुळे जास्तच. उणीव अशी की सध्या वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत ओढ किती बसतेय हे सर्जनच्या हाताला जाणवत नाही, डोळ्यांनी ओळखावं लागतं. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. आता भारतात बनलेलं एसएसआय मंत्र हे यंत्रही काही रुग्णालयांत आहे.

शस्त्रक्रिया मात्र जुनी आहे. अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ साली मांडलेली पायलोप्लास्टी, म्हणजे अरुंद जोड कापून नरसाळं आणि मूत्रवाहिनी पुन्हा जोडणं, आजही तशीच चालते, आणि तिचा पहिला रुग्णही जन्मजात वेगळ्या घडणीचाच होता. त्याची मूत्रवाहिनी मोठ्या नीलेच्या मागून गेलेली होती. दुर्बिणीने तीच शस्त्रक्रिया १९९३ पासून होऊ लागली. हात बसलेल्या सर्जनने साध्या दुर्बिणीने केली तरी निकाल चांगला येतो, आणि अगदी लहान बाळात छोट्या छेदातून केलेलं उघडं ऑपरेशनही कमी प्रतीचं नाही. म्हणून विचारायचं ते हे : तुम्ही नालाकृती किंवा ओटीपोटातल्या किडनीच्या किती शस्त्रक्रिया केल्यात? कन्सोलवर तुम्ही स्वतः असणार का? मध्येच उघडं करावं लागलं तर बिल काय होईल? स्टेंट काढायचा खर्च धरलाय का?

रोबोची अवजारं ठरावीक वेळा वापरून टाकून द्यावी लागतात, बिल वाढतं ते मुख्यतः त्यामुळे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पायलोप्लास्टी त्यात बसते का आणि रोबोचा जादा आकार कोण भरणार, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी लेखी घ्या. १८ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून, म्हणजे अंगणवाडी किंवा शाळेतूनही, वाट निघते. खासगी विमा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे शरीराच्या आतला जन्मजात दोष कायमचा वगळता येत नाही. रोबोटिक शस्त्रक्रियाही आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, मात्र तिच्यावर कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते. ‘जन्मजात आहे म्हणून नाही’ एवढंच उत्तर मिळालं तर ते मान्य करू नका, पॉलिसीतलं कलम मागा.

भरतीआधीचे दिवस

लघवीच्या कल्चरमध्ये जंतू असतील तर ते औषधाने जाईपर्यंत ऑपरेशन होत नाही, म्हणून ही तपासणी ७ ते १० दिवस आधी करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं ऑपरेशन करणाऱ्यालाच करू द्या, आपणहून बंद करू नका. भुलीआधी सहा तास घन अन्न नाही, दोन तास पाणीही नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला चार तास दूध नाही.

तारीख ठरवताना कामाचा हंगाम बघा. नंतर चार ते सहा आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणजे एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या भरणाऱ्याची आणि जून-जुलैत लावणीला वाकणाऱ्याची पंचाईत. खलाशांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीची मुदत सोयीची पडते. दुखणं सहन होण्यासारखं असेल आणि किडनीचं काम टिकून असेल तर महिना-दीड महिना पुढेमागे झाल्याने बिघडत नाही.

टेबलावर काय होतं

पूर्ण भूल देतात. बरेच सर्जन आधी खालून दुर्बीण घालून मूत्रवाहिनीत रंगद्रव्य सोडून एक्सरे घेतात. अरुंद भाग किती लांब आहे आणि खाली आणखी कुठे अडतंय का, हे त्यात कळतं. किडनी ओलांडून गेलेली असेल तर कुठलं तोंड कुठल्या किडनीचं, याचीही खात्री इथेच होते.

मग रुग्णाला झोपवण्याची पद्धत. साध्या किडनीसाठी कुशीवर. नालाकृतीसाठी ४५ अंशांच्या आसपास तिरकं, आणि अवजारांची छिद्रं नेहमीपेक्षा मध्यरेषेकडे आणि खाली, कारण किडनीच खाली आहे. ओटीपोटातल्या किडनीसाठी उताणं, डोकं खाली झुकवून, म्हणजे आतडी आपोआप वर सरकतात. तिथे छिद्रं बेंबीच्या पातळीवर किंवा तिच्या वर घेतात. सवयीच्या जागी छिद्रं पाडली तर यंत्राचे हात एकमेकांना आपटतात आणि अर्धा तास फुकट जातो. छिद्रं ८ मिलीमीटरची, तीन किंवा चार, शिवाय मदतनीसासाठी एक. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, मोठ्यांत १२ ते १५ मिलिमीटर पारा एवढ्या दाबाने, मुलांत कमी.

मोठं आतडं बाजूला सरकवून नरसाळं शोधतात. डाव्या बाजूला, बारीक अंगाच्या रुग्णात, आतड्याच्या पडद्यातच खिडकी पाडून थेट पोचता येतं. मूत्रवाहिनी ओळखायची ती तिच्या सरपटण्यावरून. हलकेच स्पर्श केला की लाट जाते, रक्तवाहिनीत ती नसते. वेगळ्या किडनीत ही खात्री होईपर्यंत काहीही कापायचं नाही. आडवी रक्तवाहिनी सापडली तर तीही कापायची नाही. किडनीच्या धमन्या आपसांत जोडलेल्या नसतात, एक तोडली की तिने पोसलेला तुकडा मरतो आणि पुढे रक्तदाब वाढू शकतो. त्याऐवजी नरसाळं आणि मूत्रवाहिनी त्या धमनीच्या पुढून आणून जोडतात. शंका असेल तर इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य शिरेतून देतात, विशिष्ट प्रकाशात धमन्या हिरव्या चमकतात.

पोटाच्या भिंतीतून आत घातलेल्या सुईने नरसाळ्याला एक आधाराचा टाका घेऊन ते ताणून धरतात. टाक्यांचं सगळं काम त्यावर अवलंबून असतं. अरुंद जोड कापून काढतात. मूत्रवाहिनीच्या बाजूला दीड ते दोन सेंटिमीटर चीर देऊन तिचं तोंड रुंद करतात. सरळ कापलेल्या गोल तोंडाला टाके घातले तर भरून येताना तेच पुन्हा आवळतं. नरसाळं फारच ढगळ असेल तर थोडं कमी करतात. खडे असतील तर लवचीक दुर्बिणीने याच वाटेने बाहेर काढतात आणि सोबतच्या नळीतून पाणी ओढून घेतात, म्हणजे पोटात सांडत नाही.

नवा जोड नरसाळ्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर यायला हवा. नालाकृती किडनीत हा बिंदू कुठला, हे रुग्ण उभा असताना कुठला असेल असा विचार करून ठरवावं लागतं, कारण टेबलावर तो तिरका झोपलेला असतो. आधी मागची बाजू शिवतात, मोठ्यांत ४-० किंवा ५-० जाडीच्या विरघळणाऱ्या धाग्याने, मुलांत त्याहून बारीक. मग तारेवरून डीजे स्टेंट खाली मूत्राशयापर्यंत सोडतात आणि पुढची बाजू शिवतात. स्टेंटची लांबी इथे चुकते. साध्या किडनीला मोठ्या माणसात २४ ते २६ सेंटिमीटरचा लागतो, ओटीपोटातल्या किडनीला त्यापेक्षा बराच आखूड. सवयीने लांब घातला तर उरलेलं वेटोळं मूत्राशयात पडून रुग्णाला सहा आठवडे छळतं. आखूड स्टेंट आधी मागवलेला असावा.

नालाकृती किडनीचा मधला पट्टा कापायचा का, हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. एके काळी कापत असत. आता सहसा कापत नाहीत. किडन्या जागच्या जागी धरून ठेवतात त्या रक्तवाहिन्या, पट्टा कापला तरी त्या परत पहिल्या जागी येतात, आणि रक्तस्राव, लघवी गळणं हे धोके पदरात पडतात. मूत्रवाहिनी खरोखरच त्यावर चेपली जात असेल तरच हात लावतात. नरसाळं किडनीतच दडलेलं असेल किंवा अरुंद भाग फार लांब असेल तर मूत्रवाहिनी थेट किडनीच्या खालच्या कप्प्याला जोडतात. हे जास्त अवघड आहे आणि त्याची शक्यता आधी सांगितलेली असावी.

एकूण वेळ दोन ते चार तास. शेवटी पोटात निचऱ्याची नळी म्हणजे ड्रेन, आणि मूत्राशयात लघवीची नळी.

नंतर काय बिघडू शकतं

खांदा दुखतो तो पोटातल्या गॅसमुळे, दोन दिवसांत थांबतो. दुसऱ्या दिवशी पेज, मऊ भात, चालणं-फिरणं सुरू. लघवीची नळी एक-दोन दिवसांत काढतात. ती काढल्यावर ड्रेनचं पाणी वाढलं तर जोड गळतोय असं समजावं. भरलेल्या मूत्राशयातला दाब स्टेंटमधून वर चढतो, म्हणून पहिला उपाय म्हणजे लघवीची नळी परत घालणं. ड्रेनचं पाणी लघवी आहे की नुसता स्राव, हे त्यातलं क्रिएटिनिन मोजून कळतं. बहुतेक गळती काही दिवसांत थांबते. न थांबल्यास स्टेंट रक्ताच्या गुठळीने बंद झालाय का किंवा सरकलाय का ते पाहतात.

घरी गेल्यावर पोट फुगणं, उलट्या न थांबणं, ताप, लघवी बंद होणं यांपैकी काही झालं तर फोनवर औषध विचारत बसू नये. आतड्याला न कळत झालेली इजा दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढते.

साधारण दोन-तीन दिवसांत घरी सोडतात. कोकणात परतायचं असेल तर आणखी तीन-चार दिवस त्या शहरातच नातेवाइकांकडे राहावं. रेल्वेचा खालचा बर्थ घ्या. गाडीने आलात तर दर दोन तासांनी थांबून लघवी करा. खड्ड्यांच्या रस्त्यावर स्टेंट घासला की लघवी लालसर होते. पाणी पिऊन विश्रांती घेतल्यावर ती निवळते. गुठळ्या पडल्या तर दाखवा.

स्टेंट असताना, आणि तो काढताना

सतत लघवीला लागणं, जळजळ, लघवी करताना कंबरेत वर चढणारी कळ हे सगळं स्टेंटचं. टॅमसुलोसिनसारख्या गोळीने बराच आराम पडतो, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या. लघवी तुंबवू नका. आता पाणी मात्र भरपूर, वाट मोकळी झाली आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घामावाटे किती जातं याचा अंदाज येत नाही, म्हणून ग्लास मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघा, ती फिकट राहील एवढं प्या. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर शहाळ्यातल्या पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना विचारा, ते नॉर्मल असेल तर शहाळ्याला हरकत नाही.

दुचाकी साधारण महिनाभर नाही. माडावर चढणं, पेट्या, घागर, टोपल्या, कबड्डी सहा आठवडे नाही. जखमा भरेपर्यंत खाडीत-तळ्यात उतरू नये.

स्टेंट चार ते सहा आठवड्यांनी निघतो, मोठ्यांत जागा बधिर करून, मुलांत भूल देऊन. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. दुखणं थांबलेलं असतं, घरी गणपती येतात, चाकरमानी येतात, ‘गणपती झाले की काढू’ म्हणता म्हणता दिवाळी उजाडते. राहिलेल्या स्टेंटवर क्षारांचं कवच चढतं, तो ओढल्यावर येत नाही, तुटू शकतो, आणि मग काढण्यासाठी एकाहून जास्त ऑपरेशनं लागतात. डिस्चार्जच्या कागदावर ‘स्टेंट आहे’ हे शब्द आणि काढायची तारीख हवी. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेला खूण करा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. काढल्यावर एक-दोन दिवस कळ येऊ शकते, जोडाला थोडी सूज असते. तिसऱ्या दिवसानंतरही राहिली किंवा ताप आला तर सोनोग्राफी.

स्टेंट काढल्यावर सहा आठवड्यांनी सोनोग्राफी, तीन महिन्यांच्या सुमारास पुन्हा रीनल स्कॅन, शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच पद्धतीने, पुढून चित्र घेऊन. सोनोग्राफीत सूज उरलेली दिसली तर घाबरू नका. वर्षानुवर्षं ताणलेलं नरसाळं सैल पडलेल्या कापडासारखं होतं, पूर्ण आकसत नाही. निकाल ठरतो तो निचरा आणि किडनीचा वाटा यांवरून. साध्या किडनीत या शस्त्रक्रियेचं यश ९० टक्क्यांच्या वर असतं. वेगळ्या घडणीच्या किडन्यांचे प्रसिद्ध झालेले अनुभव छोट्या छोट्या संख्येचे आहेत आणि त्यांचे आकडे कमीजास्त येतात, म्हणून शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्याकडे जरा सावधपणे बघावं. पुन्हा आवळलंच तर बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत. तेव्हा आतून चीर देऊन वाट रुंद करण्याचा सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो. आडव्या धमन्या असलेल्या किडनीत तो रक्तस्रावाला आमंत्रण ठरू शकतो, म्हणून त्याआधी धमन्यांची सिटी पुन्हा बघितली जावी.

त्यानंतर वर्षातून एकदा सोनोग्राफी, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन. नालाकृती किडनीचा पट्टा कण्याच्या पुढे असतो, पोटावर थेट मार बसला तर तो कण्यावर चेपला जातो. त्यामुळे गाडीत पट्टा बांधताना कमरेचा भाग पोटावरून न घेता खाली, हाडांवर घ्यावा, आणि अपघातानंतर पोट दुखत असेल तर जिथे नेतील तिथल्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगावं की किडनी नालेच्या आकाराची आहे. सिटीच्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक छापील प्रत पाकिटात, रेशनकार्डाच्या झेरॉक्सबरोबर ठेवा.